कीबोर्डची गिटार

टीकालेख म्हटला की त्याचा विषय पुस्तक, नाटक किंवा फार तर चित्रपट असावा, असा आपल्याकडे एक रूढ संकेत आहे. त्यातून दिवाळी अंकाची पाने म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी उघडायची. तेथे संगणकावरच्या एका खेळाचे परीक्षण घेऊन येणारा माणूस जरा आगंतुकच वाटायचा. परंतु ज्या गोष्टीपाशी घरातली मुले तास न् तास रमतात, जिच्यात गाणे आहे, रचना आहे, कर्त्याने केलेली निवड आहे, तिला टीकेच्या उंबरठ्यावर उभेसुद्धा करायचे नाही, हा न्याय मला पटत नाही. चांगले-वाईट ठरवायचे ते पाहून ठरवावे. न पाहता 'वेळेचा अपव्यय' असा शिक्का मारणे हे टपालखात्याला शोभते, टीकेला नव्हे.

ज्या खेळाविषयी मी लिहिणार आहे त्याचे नाव 'फ्रेट्स ऑन फायर'. सतारीच्या दांडीवर जसे पडदे असतात तसे गिटारच्या दांडीवरही असतात. त्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात. पडद्यांनी पेट घेतला, असा काहीसा त्या नावाचा अर्थ. २००६ साली फिनलंडमधल्या 'अनरिअल वूडू' नावाच्या एका लहानशा गटाने हा खेळ तयार केला. सामी क्योस्टिला यांनी प्रोग्राम लिहिला आणि टोमी इंकिला यांनी गाणी रचली. खेळ आता जुना झाला आहे, आणि परीक्षणाला ते सोयीचेच आहे. नवेपणाची झिलई उतरल्यावर जे खाली उरते, तेच तपासून पाहण्याजोगे असते.

खेळाचा नियम एका परिच्छेदात सांगता येईल. कीबोर्ड टेबलावरून उचलायचा आणि गिटारसारखा दोन्ही हातांत धरायचा. वरच्या ओळीतल्या एफ-१ ते एफ-५ या पाच कळा म्हणजे पडदे. त्यांवर डाव्या हाताची बोटे. उजव्या हाताशी एंटरची कळ. ती दाबली की तार छेडली, असे समजायचे. गाणे सुरू झाले की स्क्रीनवर दूरवरून एक रस्ता आपल्याकडे सरकू लागतो आणि त्यावरून पाच रंगांच्या टिकल्या येऊ लागतात. टिकली जवळच्या रेघेवर पोहोचेल त्याच क्षणी तिच्या रंगाची कळ दाबलेली असली पाहिजे आणि एंटर पडले पाहिजे. टिकलीला शेपूट असेल तर ते संपेपर्यंत बोट उचलायचे नाही. ओळीने दहा स्वर साधले की गुण दुपटीने मिळू लागतात, वीस साधले की तिपटीने, तीस साधले की चौपटीने. एक स्वर चुकला की पुन्हा मूळ पायरीवर.

एवढे वाचून एखाद्या आजोबांना वाटेल, यात संगीत ते काय? ही तर बोटांची कवायत! ही शंका मी बाजूला सारणार नाही. किंबहुना तिचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख आहे. मात्र त्याआधी या खेळाचे कूळ पाहिले पाहिजे. कुळावाचून गुणदोषांचा उलगडा होत नाही.

हा वंश जपानातून निघाला. डिसेंबर १९९६ मध्ये तेथे प्लेस्टेशन या यंत्रासाठी 'पाराप्पा द रॅपर' नावाचा खेळ आला. त्याचे कर्ते मासाया मात्सुउरा हे मूळचे संगीतकार, आणि चित्रे रॉडनी ग्रीनब्लॅट या अमेरिकन चित्रकाराची. पाराप्पा हे कागदासारखे चपटे असे एक कुत्र्याचे पिल्लू. त्याला निरनिराळे गुरू भेटतात: कांद्याच्या डोक्याचा कराटेशिक्षक, गाडी शिकवणारी एक सांबरीण, स्वयंपाक शिकवणारी कोंबडी. गुरू एक ओळ तालात म्हणतो आणि पाराप्पाने ती तशीच परत म्हणायची. म्हणजे खेळणाऱ्याने योग्य क्षणी योग्य बटणे दाबायची. आपल्याकडे वेदपाठशाळेत संथा देतात ती याहून फारशी वेगळी नसते. पुढच्याच वर्षी कोनामी या कंपनीने 'बीटमेनिया' हा खेळ जपानमधल्या खेळघरांत मांडला आणि वरून खाली येणाऱ्या खुणांच्या तालावर कळा दाबण्याचा हा प्रकार रुजला.

अमेरिकेत त्याला मोठी लोकप्रियता मिळाली ती नोव्हेंबर २००५ मध्ये निघालेल्या 'गिटार हीरो'मुळे. तो बनवणारी हार्मोनिक्स ही कंपनी अॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन इगोझी या एमआयटीत शिकलेल्या दोघांनी १९९५ साली काढली होती. ज्यांना वाद्य येत नाही त्यांनाही वाजवण्याच्या आनंदाची चव मिळावी, हा त्यांचा ध्यास. त्या खेळाबरोबर गिटारच्या आकाराचे, पाच रंगीत बटणांचे प्लॅस्टिकचे खेळणे मिळे आणि सगळ्याची किंमत सुमारे सत्तर डॉलर पडे. शिवाय प्लेस्टेशन-२ हे यंत्र घरी हवे ते वेगळेच. ज्यांच्या घरी ते यंत्र नव्हते, पण एक साधा संगणक होता, अशा लोकांसाठी फिनलंडच्या या मंडळींनी एक सोपा उपाय काढला. खेळणे विकत कशाला घ्यायचे? कीबोर्ड आहेच की!

ही युक्ती ज्या वातावरणात सुचली तेही सांगण्याजोगे आहे. 'असेंब्ली' नावाचा एक मेळा फिनलंडमध्ये १९९२ पासून भरत आला आहे. संगणकातून चित्र आणि संगीत निर्माण करणारे हौशी लोक तेथे जमतात आणि त्यांच्यात अजब पैजा लागतात. दृश्य आणि संगीत असा सबंध देखावा चौसष्ट किलोबाइटांत बसवून दाखवायचा, ही त्यांपैकी एक. चौसष्ट किलोबाइट म्हणजे आजच्या फोनने टिपलेल्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही इतकी जागा. अपुऱ्या साहित्यात पूर्ण काम करून दाखवण्याची ही रग. ऑगस्ट २००६ मध्ये हेलसिंकीला भरलेल्या मेळ्यात खेळांच्या स्पर्धेत 'फ्रेट्स ऑन फायर' पहिला आला. पुढे तो कोणालाही फुकट घेता येऊ लागला. इतकेच नव्हे तर त्याचा प्रोग्रामही मुक्त परवान्याखाली उघडा ठेवण्यात आला आणि इतरांनी त्यात भर घालून त्याच्या पुढच्या आवृत्त्या काढल्या.

आता गुणदोषांकडे वळू. पहिला गुण अर्थातच त्या कीबोर्डचा. काठीचा घोडा ही आपल्या लहानपणातली एक थोर कल्पना आहे. खरा घोडा दाराशी असता तर मुलाने काठी हाती घेतलीच नसती. आणि प्लॅस्टिकचा हुबेहूब घोडा मिळाला तर त्यात कल्पनेला करायला काही उरत नाही. काठी घोड्यासारखी मुळीच दिसत नाही, म्हणून घोडा मुलाला स्वतः बनवावा लागतो. कीबोर्डचे तसेच आहे. ज्याच्यावर अर्ज लिहायचे, हिशेब मांडायचे, प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, ती रुक्ष पाटी एकदम उचलून गळ्याशी धरायची आणि वादकाचा आव आणायचा, यात एक निखळ विनोद आहे. पाहणारा हसतो, वाजवणाराही हसतो, आणि तो हसत असतानाच त्याचा डावा हात हळूहळू शहाणा होऊ लागतो. अमेरिकेतली प्लॅस्टिकच्या गिटारींची लाट काही वर्षांतच ओसरली; २०११ च्या फेब्रुवारीत 'गिटार हीरो' काढणाऱ्या अॅक्टिव्हिजनने आपला तो विभागच बंद केला. कीबोर्डला असा अडगळीचा शाप नाही. खेळ संपला की तो टेबलावर परत जातो आणि अर्ज लिहू लागतो.

वाद्य म्हणून त्याच्यात उणिवा आहेत, हे मान्यच केले पाहिजे. कीबोर्डच्या आत प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या तारांची एक जाळी असते आणि कोणती कळ दाबली ते त्या जाळीवरून ओळखले जाते. साध्या कीबोर्डवर काही विशिष्ट कळा तीन-तीन एकदम दाबल्या की जाळीचा घोटाळा होतो आणि एखादी कळ नोंदलीच जात नाही. बोटे बरोबर पडली तरी स्वर चुकला, असा निकाल तेव्हा मिळतो. दुसरी अडचण वेळेची. आवाज स्पीकरमधून निघायला आणि चित्र स्क्रीनवर उमटायला प्रत्येक संगणकाला किंचित कमी-अधिक वेळ लागतो. तो फरक दुरुस्त करण्याची सोय खेळात ठेवलेली आहे आणि बसल्याबरोबर ती दुरुस्ती करून घ्यावी हे बरे. तंबोरा जुळल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही, तसेच हे.

परंतु या खेळाची खरी थोरवी वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ती प्रथमदर्शनी दोषासारखी वाटते. गाण्यातला गिटारचा आवाज आणि बाकीच्या वाद्यांचा आवाज संगणकात वेगवेगळे साठवलेले असतात. आपण स्वर साधत असतो तोवर दोन्ही मिळून ऐकू येतात. स्वर निसटला की गिटार तेवढी गप्प होते. ढोल चालू असतो, खर्जाची साथ चालू असते, गाणे पुढे जात राहते. फक्त मधली एक जागा ओस पडते. पुढचा स्वर साधला की गिटार परत येते आणि ती जागा भरून निघते.

घरातली गृहिणी चार दिवस माहेरी गेली की घर चालतच राहते. जेवण होते, शाळा होते, कचेरी होते. पण दर तासाला काहीतरी अडते, आणि ती करत होती ते काम एरवी कोणाच्या नजरेलाही पडत नव्हते हे तेव्हा कळते. असण्याची किंमत नसण्याने कळावी, हा संसारातला जुना अनुभव. तोच अनुभव या खेळाने कानाला दिला आहे. अशी गाणी आपण शेकडो वेळा ऐकतो, पण एखाद्या उकळत्या आमटीसारखी ती एकसंध ऐकतो; कोणता मसाला कुठे बोलतो ते कळत नाही. येथे एक पदार्थ काढून घेतला जातो, परत घातला जातो, पुन्हा काढला जातो. दहा-पंधरा वेळा असे झाले की कानाला त्या वाद्याची वाट ओळखू येऊ लागते. मी काही संगीताचा जाणकार नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. इंग्रजी धर्तीच्या गाण्यातली गिटार केव्हा चाल धरते आणि केव्हा नुसती सोबत करते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. ते या खेळातल्या शांततेने सांगितले.

दुसरा गुण पायऱ्यांचा. एकच गाणे येथे चार प्रतींमध्ये मिळते: सुपाईझी, ईझी, मीडियम आणि अमेझिंग. सर्वांत खालच्या पायरीवर गिटारच्या मूळ स्वरांपैकी थोडेसेच टिकल्या होऊन येतात. वर जावे तशा त्या दाटत जातात. म्हणजे कोणीतरी मूळ वादन ऐकून, यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ते ठरवले आहे. आम्हा शिक्षकांना हे काम परिचयाचे आहे. मोठ्या कादंबरीतला उतारा पाचवीच्या पुस्तकात घालताना संपादक तेच करतो. चांगला संपादक अशी वाक्ये ठेवतो की ज्यांवर उताऱ्याचा भार आहे. वाईट संपादक सोपी वाक्ये ठेवतो, आणि उतारा सोपाही होतो आणि पोकळही. गाण्याचे असेच. सोप्या प्रतीत नेमके जोराचे, वळणाचे स्वर राहिले तर नवखा माणूसही गाण्याचा सांगाडा हाताने चाचपू शकतो. उगीच कुठले तरी चार स्वर ठेवले तर बोटे एकीकडे आणि गाणे दुसरीकडे. खेळ तोच, गाणे तेच. पण संक्षेप करणाऱ्याचा कान कसा आहे यावर सगळे अवलंबून. टीकाकाराने बोट ठेवावे असे हे खरे साहित्यिक काम या खेळात दडलेले आहे.

आता दोषाकडे. आमच्या शाळेतले एक सहकारी तबला चांगला जाणतात. त्यांना मी एकदा हा खेळ दाखवला. पहिल्या गाण्यात त्यांचे गुण माझ्याहून कमी आले. ते मुळीच खट्टू झाले नाहीत. कीबोर्ड खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, आम्ही ठेका धरतो. इथे ठेकाच मला धरतोय."

या एका वाक्यात या खेळाची सगळी मर्यादा आली. त्रितालाच्या सोळा मात्रा असतात; पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. ऐकणाऱ्यांपैकी जाणकार हातावर मात्रा मोजत असतात. गवई मात्र प्रत्येक मात्रेवर पाय देत चालत नाही. तो थोडा मागे रेंगाळतो, मध्येच पुढे धावतो, आता हा चुकणार असे वाटायला लावतो आणि नेमका समेवर येऊन उतरतो. त्या क्षणी सगळ्या बैठकीच्या माना एकदम डोलतात. तो आनंद कशाचा? मधल्या पंधरा मात्रांत त्याने घेतलेल्या स्वातंत्र्याचा. 'फ्रेट्स ऑन फायर'मध्ये प्रत्येक टिकली ही समच असते. आणि जेथे प्रत्येक मात्रा सम झाली तेथे समेला काही अर्थ उरत नाही. टिकली रेघेवर आली की बोट पडलेच पाहिजे. सेकंदाच्या एका लहानशा अंशाची सवड असते, पण ती सवड चूक माफ करण्यासाठी आहे. त्या सवडीत काही सुंदर करून दाखवावे यासाठी नाही. कलावंत मुद्दाम मागे राहिला आणि विद्यार्थी झोपेमुळे मागे राहिला, तर या खेळाच्या लेखी दोघेही सारखेच नापास.

यावर कोणी म्हणेल की नवशिक्याला स्वातंत्र्य कशाला हवे? आधी पलटे घोटावेत, मग ताना घ्याव्यात. हा आक्षेप रास्त आहे. आमच्या शाळेत लेझीम शिकवतात तेव्हा पहिले काही आठवडे नुसते एक-दोन-तीन-चार असते आणि ते तसेच असायला हवे. पहिल्या पायरीवर आज्ञा पाळावी लागते याबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार शेवटच्या पायरीबद्दल आहे. सुपाईझीवरून अमेझिंगपर्यंत चढत गेल्यावर मिळते काय? अधिक टिकल्या, अधिक वेगाने, म्हणजे अधिक आज्ञा. शिष्य मोठा होतो तसा गुरूने हात सैल सोडावा, अशी आपली समजूत. येथे गुरू अधिकच घट्ट धरतो.

आणि हे काही न टाळता येणारे होते असेही नाही. याच वंशातल्या मूळ पुरुषाने, त्या कागदी पाराप्पाने, दहा वर्षे आधी वेगळी वाट दाखवून ठेवली होती. तेथे धडा एकदा नीट पार पाडला आणि नंतर त्याच धड्यात खेळणाऱ्याने ओळीशी तालात खेळून, स्वतःची भर घालून काही केले, तर त्याची प्रत 'कूल' होते. मग काय घडते? गुरू रंगमंच सोडून निघून जातो! आता दाखवायची ओळ नाही, पाळायचा नमुना नाही. पाराप्पा आपल्या मनाने तालात गातो आणि गुण मिळवतो. शिष्य तयार झाला याची खूण म्हणून गुरूने बाजूला होणे, यापेक्षा शहाणी कल्पना मला कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात आढळलेली नाही. कांद्याच्या डोक्याच्या मास्तराला जे कळले, ते त्याच्या वंशजांना विसरता आले, याचे आश्चर्य वाटते.

हे विस्मरण का झाले असावे, याचा विचार केला तर खेळाइतकाच आपल्यावरही प्रकाश पडतो. नेमकेपणा मोजता येतो; सौंदर्य मोजता येत नाही. बोट किती क्षण लवकर किंवा उशिरा पडले हे यंत्राला अचूक सांगता येते. ते उशिरा पडणे गोड होते की ओबडधोबड, हे सांगायला रसिक लागतो. म्हणून यंत्र जे मोजू शकते त्यालाच गुण देते. पण आम्ही शाळेत दुसरे काय करतो? कविता पाठ म्हणताना एक शब्द चुकला की अर्धा गुण कमी. शब्द सगळे बरोबर, पण कविता मेलेली, अशा मुलाला पैकीच्या पैकी. जी मुलगी एका ओळीपाशी क्षणभर थांबली, कारण त्या ओळीने तिला थांबवले, तिला आम्ही 'पुढे म्हण' म्हणून हटकतो. मुले या खेळात रमतात तेव्हा पालक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. त्यांना मी एवढेच म्हणतो, की या खेळाची गुणपत्रिका आपल्या गुणपत्रिकेचीच सख्खी बहीण आहे. दोघींची एकदमच चौकशी करू या.

तरीसुद्धा मी या खेळाला शेवटी नापास करत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या मागच्या दाराशी आहे. या खेळासाठी नवी गाणी बांधण्याची साधने कोणालाही मिळतात. गाणे घ्यायचे, ते तुकड्या-तुकड्यांनी ऐकायचे आणि कोणती टिकली कोठे पडावी ते आपण ठरवायचे. पुढच्या दाराने आत गेलेला मुलगा आज्ञा पाळतो. या दाराने आत गेलेला मुलगा आज्ञा लिहितो. आणि आज्ञा लिहायला बसले की आधी ऐकावे लागते.

आमच्या शाळेतून नववीत गेलेला एक मुलगा असाच या उद्योगाला लागला. त्याने काय घ्यावे? आमच्या लेझीमपथकातली हलगी! फोनवर ती वाजताना मुद्रित केली आणि घरच्या संगणकावर तिला टिकल्या लावू लागला. तीन संध्याकाळी तो तेच दोन मिनिटांचे वादन ऐकत होता. चौथ्या दिवशी माझ्याकडे आला तो एक कोडे घेऊन. वळण यायच्या आधी आमचा हलगीवाला एक घाव दर वेळी किंचित उशिरा मारतो. एडिटरमधली रेघ सांगते की घाव इथे हवा. कान सांगतो की तो जरा पुढे पडतो आहे. मुलगा म्हणाला, "गुरुजी, टिकली रेघेवर ठेवू, की तो वाजवतो तिथे ठेवू?"

मी त्याला विचारले, "रेघेवर ठेवलीस तर काय होईल?"

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "टिकली बरोबर होईल, पण मग लेझीम उचलल्यासारखी वाटणार नाही."

मला वाटते, संगीताचे जे काही रहस्य आहे ते या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती तीन संध्याकाळींत लागले. हलगीवाला पिढ्यान् पिढ्या तो घाव मागे ठेवत आला. नाचणाऱ्यांचे गुडघे त्या घावावर वाकतात आणि पुढच्या घावावर सरळ होतात. हे आम्ही सर्वांनी अंगाने अनुभवले होते, पण कोणी कानाने वेगळे काढले नव्हते. मुलाने टिकली वाजवणाऱ्याच्या बाजूने ठेवली. त्यामुळे त्याचे ते गाणे खेळायला अवघड झाले आहे. शेजारची मुले तेथे हटकून चुकतात आणि त्याच्यावर चिडतात. तो त्यांना म्हणतो, "बघू नका, ऐका." फिनलंडच्या त्या कर्त्यांनी हा खेळ बांधताना आमच्या हलगीचा विचार केला असण्याचे कारण नाही. पण दार उघडे ठेवले की कोण आत येईल ते सांगता येत नाही, आणि उघडे दार ठेवण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तेव्हा निकाल असा. वाद्य म्हणून कीबोर्डच्या गिटारची किंमत शून्य. जो हा खेळ वर्षभर खेळला त्याच्या हाती खरी गिटार दिली तर त्याला पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागेल. भातुकली म्हणून तिची किंमत मोठी, आणि भातुकलीत शिजलेल्या भाताने पोट भरत नाही ही तक्रार आजवर कोणी केलेली नाही. संगीताचा पाठ म्हणून ती अपुरी, कारण ती शिष्याला कधी मोकळे सोडत नाही. ऐकण्याचा पाठ म्हणून मात्र तिच्याजवळ असे काही आहे की जे आमच्या संगीताच्या तासालाही क्वचितच साधते.

सुटीच्या दिवसांत घरातली मुले हा किंवा असला दुसरा खेळ घेऊन बसली असतील, तर वडीलधाऱ्यांनी गुण किती झाले ते विचारू नये. खेळून झाल्यावर स्क्रीन बंद करावी, तेच गाणे नुसते लावावे आणि मुलांना सांगावे, की गिटार जिथे गप्प होते आणि जिथे परत येते तिथे बोट वर करा. किती बोटे योग्य जागी वर होतात ते पाहावे. आणि मग, मुले हसली तरी चालतील, आपणही एकदा डोळे मिटून बोट वर करून पाहावे.